तिथी गुणिले पाऊण

मनोरीची खाडी (साधारण मध्यभागी),
शनिवार, दुपारी १२ वाजून १० मिनिटं

तीर्थरूप रत्नामावशी हिला नलिनीचा बसल्या जागेवरून नमस्कार. उभं राहून, वाकून करायला हवा हे मला कळतं. पण उभं राहिलं की होडी डावीकडे कलते, आणि कलली की तळाशी साठलेलं पाणी जेवणाच्या डब्यापर्यंत येतं. तेव्हा नमस्कार पूर्ण वाकून केला असं समजावं.

तुझा गुडघा कसा आहे? निर्गुडीच्या पाल्याने शेकतेस की कंटाळून सोडून दिलंस? कपिला व्याली का? इकडे आईची प्रकृती चांगली आहे, बाबांची चांगली आहे. नंदू बारावीला आहे आणि त्याचीही प्रकृतीच तेवढी चांगली आहे. तुझं पत्र मंगळवारी जोगेश्वरीच्या पत्त्यावर मिळालं. उत्तराला चार दिवस लागले, कारण मला सलग वेळ नव्हता. आज आहे. नेमका सांगायचा तर आत्तापासून सहा तास पंचेचाळीस मिनिटं आहे.

घाबरू नकोस म्हणून आधीच सांगते. मी होडीत आहे, होडी चिखलात आहे, चिखल खाडीत आहे आणि खाडीतलं पाणी तात्पुरतं समुद्राकडे गेलेलं आहे. ते संध्याकाळी सहा पंचावन्नला होडीच्या तळाखाली परत येईल. तोपर्यंत मला इथून हलता येणार नाही, कारण हा चिखल गुडघ्यापासून कमरेपर्यंत कितीही खोल असू शकतो आणि तो मोजायची माझी तयारी नाही. धोका काहीही नाही. माझ्याकडे दोन बाटल्या पाणी, छत्री, पोळीभाजीचा डबा, चार केळी, दोन पेन्सिली आणि लिहायला हा मोठा कागद आहे. (सकाळी निघताना, ज्यांची ही होडी त्या गिल्बर्टअंकलनी एवढ्या सामानाकडे बघून, तू मार्व्याला चाललीस की मस्कतला, असं विचारलं. मी म्हटलं, सवय आहे.) मला कोणाकडून काही नको आहे. हे पत्र केवळ तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

तुझा प्रश्न मी पुन्हा लिहून घेते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तू लिहिलंस, की बाजाची पेटी घेऊन सतरा वर्षं झाली. आधी शरदचं शिक्षण व्हायचं होतं, मग काकांचं आजारपण, मग घराचे वासे बदलायचे होते, आता यंदाचे आंबे उतरले की बसेन म्हणते. पण दरवर्षी आंबे उतरतात आणि काहीतरी दुसरं चढतं. तेव्हा तू एवढी शिकलेली आहेस, तर शिकायला सुरुवात करायची नेमकी वेळ काढून कळव. हे वाचून मला बरं वाटलं. अशी वेळ काढण्याचं काम मी साडेचार वर्षं करते आहे. पेटीसाठी नाही, होडीसाठी.

तुला आठवतं का माहीत नाही. मे महिन्यात आम्ही देवगडला तुझ्याकडे यायचो, तेव्हा काकांची होडी तुमच्या मागच्या दारी माडाला बांधलेली असायची. मला ती एकटीने चालवायची होती. बरोबर कोणी नको, मासे नकोत, पलीकडे काही काम नको. नुसतं मधे जाऊन थांबायचं होतं. मी दरवर्षी विचारायची आणि काका दरवर्षी म्हणायचे, मोठी झालीस की चालव. १९७३च्या मेमध्ये ते असंच म्हणाले. १९७४च्या मेमध्ये म्हणाले, अगो, आता मोठी झालीस, आता होडीत चढणं शोभतं का? दोन्ही वाक्यं मी वहीत तारखेसकट लिहून ठेवली आहेत. याचा अर्थ योग्य वेळ या दोन तारखांच्या मधे कुठेतरी येऊन गेली. त्या मुदतीत तुझ्याकडे यायचा बेत एकदाच ठरला होता, दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा मला कांजिण्या आल्या. मी जोगेश्वरीच्या खोलीत कडुलिंबाच्या पाल्यावर पडून होते आणि माझी योग्य वेळ देवगडच्या खाडीत एकवीस दिवस रिकामी फिरत होती. मी काकांना दोष देत नाही. त्यांनी फक्त मला आधी कळवायला हवं होतं.

पुढचं तुला अर्धंमुर्धं माहीत आहे. डिप्लोमा झाला, अंधेरीला पंपाच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात लागले. दिवसभर पंपाच्या आतल्या पात्यांची चित्रं काढते, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. जेवणाच्या सुट्टीत रद्दी कागदावर होड्या काढायची. त्या माझ्या शेजारच्या टेबलावरच्या लूर्डसने पाहिल्या. (लूर्डस ट्रेसर आहे, आमची चित्रं गिरवून काढते, हात अत्यंत सरळ, तोंडही.) ती म्हणाली, चौदा होड्या काढल्यास आणि एकीत पण माणूस नाही, तुझं काय ते चढ ना एकदाची. तिचे काका, म्हणजे गिल्बर्टअंकल, मनोरीला राहतात. त्यांच्याकडे एक जुनी होडी पडून होती. लांबी बारा फूट चार इंच, मधली रुंदी साडेतीन फूट, गळती तासाला दीड बादली. गिल्बर्टअंकलनी साठ वर्षं या पाण्यात काढली. आता गुडघे गेले (तुझ्यासारखेच, दोघांची भेट घालायला हवी), म्हणून ती कोणी वापरत नव्हतं. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, घेऊन जा पोरी, पाण्यात असली की टिकते, बाहेर सुकून फाटते.

मी म्हटलं, नक्की, पण आत्ताच नको.

आता या कागदाची दुसरी बाजू पाहायला हरकत नाही. (पाहून झाल्यावर पुन्हा या बाजूला ये.) तो तक्ता मी केला आहे. मोठ्या कामांत असा करतात: प्रत्येक कामाची एक चौकट, कुठलं काम कशाच्या आधी व्हायला हवं त्याचे बाण, आणि सगळ्यात लांब पडणारी वाट लाल पेन्सिलीने. त्या लाल वाटेवर जेवढे दिवस लागतात त्याच्या आधी काम सुरू होऊच शकत नाही. मी आईला विचारून चौकटी भरल्या. पोहता यायला हवं. नोकरी कायम व्हायला हवी. बाबांना गिरणी सुटल्यावर स्थिर काम लागायला हवं. नंदूची दहावी व्हायला हवी. आणि घरात फोन यायला हवा. फोनचा होडीशी संबंध काय, असं मी विचारलं, तर आई म्हणाली, तू बुडालीस तर आम्हाला कळवणार कसं? मग मी चौकट काढली. बाकीच्या चौकटी एकेक करून भरत गेल्या. मी अंधेरीच्या तलावावर बायकांच्या वेळेत जाऊन पोहायला शिकले. नोकरी कायम झाली. बाबा घाटकोपरला एका छापखान्यात लागले. नंदू दहावी झाला (दोन वेळा, पण झाला). राहिला फोन. लाल वाट सरळ त्याच्यातून जाते. रांगेचा वेग आणि आमचा नंबर यांवरून हिशेब केला, तर मला होडीत बसायची सगळ्यात लवकरची तारीख निघते ९ नोव्हेंबर १९९८. त्या दिवशी सोमवार आहे, म्हणजे रजा काढावी लागेल.

मी तो तक्ता गिल्बर्टअंकलना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, चांगला काढलास, यात मी मेलो त्याची चौकट कुठाय? त्यांची बायको, ल्युसीआंटी, आतून ओरडल्या, असं वंगाळ नका बोलू, पोर जेवायची आहे. मी ती चौकट धरलेली नव्हती, हे खरं आहे. मला वाटलं होतं की होडी आणि गिल्बर्टअंकल हे दोन्ही तक्त्याच्या बाहेर, आहे तिथेच थांबतील.

ते थांबले नाहीत. गेल्या रविवारी मी मनोरीला गेले तर होडी उपडी घालून घासून ठेवलेली. मला क्षणभर वाटलं, माझ्यासाठीच. गावात सुट्टीसाठी भाड्याने देतात ती कॉटेजं आहेत ना, त्यातल्या एकाच्या मालकाला ती हवी होती. फाटकाशी ठेवून, आत माती भरून, बोगनवेल लावायला. या रविवारी त्याच्याकडे साखरपुड्याचं जेवण आहे, पाहुण्यांनी होडीपाशी फोटो काढायचे आहेत. गिल्बर्टअंकलनी त्याला शब्द दिला होता. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, शनिवारी चार वाजता होडी किनाऱ्याला असली की तो माणसं आणून नेणार. मी काय करू, चार वर्षं मी तुला सांगतोय आणि तू मला कागद दाखवतेस.

मावशी, मी रडले वगैरे नाही. मी फक्त विचारलं, आणि चार वाजता किनाऱ्याला नसली तर?

ते म्हणाले, नसली तर नसली. तो काय खाडीत उतरणार? मग होडीवर थाप मारून म्हणाले, सकाळी ये. माती भरायच्या आधी एकदा तरी फिरवून आण, तिला पण बरं वाटेल.

म्हणून आज आले. सुटायची वेळ ठरवायला तुझाच नियम लावला. तूच मला मागच्या दारी बसून शिकवला होतास: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. माझ्या सगळ्या शिक्षणात इतकं कमी बोलणारं सूत्र दुसरं नाही. आज आईचा शनिप्रदोष आहे, सकाळी तिने उपासाचे दाणे भाजले. प्रदोष म्हणजे त्रयोदशी. तेराला पाऊणने गुणलं की पावणेदहा. भरतीनंतर सव्वादोन तास या खाडीत मधल्या उंचवट्यावर पुरेसं पाणी असतं, म्हणजे बारापर्यंत. त्यातून तीस मिनिटं सुरक्षिततेसाठी वजा. साडेअकराला परत यायचं. भिंतीवरचं कॅलेंडर पाहायची गरज मला वाटली नाही.

चूक तुझ्या लक्षात आली असेल, कारण तूही प्रदोष धरतेस. प्रदोषाला त्रयोदशी सूर्यास्ताच्या वेळी असावी लागते. सकाळी ती नसली तरी चालतं, आणि आज ती नव्हती. सकाळी द्वादशीच होती. द्वादशीची भरती नऊला. म्हणजे मी आईच्या उपासावरून समुद्र ठरवला, आणि समुद्र उपास धरत नाही. पंचेचाळीस मिनिटांची चूक, तीस मिनिटांची सूट. उरलेली पंधरा मिनिटं चिखलात.

पण चिखलाच्या आधी सव्वा तास होता, आणि त्याबद्दल मला लिहायचं आहे. सव्वादहाला गिल्बर्टअंकलनी दोर सोडला. दोर हातात घेऊन ते पाण्याकडे बघत राहिले, मग माझ्या सामानाकडे, मग पुन्हा पाण्याकडे. (साठ वर्षं भरती पाहिलेल्या माणसाला पाणी माझ्या हिशेबापेक्षा जास्त उतरलेलं दिसलं नसेल का, हा प्रश्न मला आत्ता पडला आहे.) वल्ह्यांपैकी एकच खरं वल्हं आहे. दुसरं म्हणजे बांबूला ठोकलेली फळी आहे. त्यामुळे होडी आधी डावीकडे गोल फिरली, मग उजवीकडे. किनाऱ्यावर जाळी शिवणाऱ्या बायकांनी कामं थांबवली. एकीने विचारलं, नाचवतेस काय गो तिला? मग मी फळीच्या बाजूला दोन आणि वल्ह्याच्या बाजूला एक असं प्रमाण काढलं, आणि होडी सरळ निघाली.

त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येत नाही, आणि मला हे वाक्य आवडत नाही. पाणी हिरवट तपकिरी होतं. ते होडीच्या खालून जाताना बारीक आवाज करतं, कोणीतरी शेजारच्या खोलीत पुस्तकाची पानं उलटावीत तसा. किनाऱ्यावरचे आवाज आधी लहान झाले, मग गोल झाले, मग उरलेच नाहीत. मार्व्याची फेरीबोट लांबून गेली आणि तिच्या लाटा माझ्यापर्यंत आल्या तेव्हा ती स्वतः नाहीशी झाली होती. मी मधोमध जाऊन वल्ही आत घेतली. मला तिथे काहीच करायचं नव्हतं. होडी आपली आपण हळूहळू तोंड फिरवत होती, आणि तिच्याबरोबर आधी चर्च फिरलं, मग माड, मग उघडा समुद्र, मग पुन्हा चर्च. मी अकरा वर्षांची होते. हे मापात बसत नाही, पण मी घड्याळ पाहिलं तर दहा बावन्न झाले होते आणि मी अकरा वर्षांची होते, आणि माडाला बांधलेली होडी कोणीतरी सोडली होती. काका असते तर म्हणाले असते, शोभतं. निदान मला असं वाटलं. मग मी होडीतल्या पत्र्याच्या डब्याने दीड बादली पाणी बाहेर काढलं, कारण तासाचा हिशेब पुरा झाला होता.

साडेअकराला उंचवट्यावर आले आणि होडी थांबली. टेकली, असं म्हणायला हवं. कोणी जड बोचकं अलगद खाली ठेवावं तशी. मग पाणी गेलं. मी त्याला जाताना पाहिलं. ते घाई करत नाही आणि मागेही बघत नाही.

(दुपारी ३ वाजून २० मिनिटं. मधे जेवले, पाऊण तास झोपले, छत्री आडवी धरून.)

ओहोटीची पूर्ण वेळ आत्ता होऊन गेली. सगळी खाडी चकचकीत राखाडी झाली आहे आणि तिच्यात आभाळ पडलं आहे, त्यामुळे मी वर आहे की खाली याबद्दल थोडा संशय येतो. चिखलातून इवलाले खेकडे निघाले आहेत. प्रत्येकाचा एकच नांगा मोठा आणि तांबडा. ते तो वर-खाली करतात, सगळे मिळून, कोणालातरी बोलवल्यासारखे. मी पाहिलं, मागे कोणी नाही, मलाच. तिवरांच्या मुळांशी बगळे एकेका पायावर उभे आहेत. त्यांना कुठे जायचं नाही. इतका वेळ मी कुठलीही वाट न पाहता कधी बसले होते, ते आठवायचा प्रयत्न करते आहे.

(५ वाजून १० मिनिटं.)

चारला कॉटेजवाला आला. चार माणसं, एक हातगाडी, आणि रोपांची टोपली. किनाऱ्यापासून माझ्यापर्यंत अंतर साधारण एकशे चाळीस मीटर, वारा माझ्याकडे येणारा, त्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू आलं. तो म्हणाला, गिल्बर्ट, हे काय? गिल्बर्टअंकल म्हणाले, होडी. तो म्हणाला, ती तिकडे का? ते म्हणाले, पाणी गेलं ना. मग त्याने दोन्ही हात तोंडाशी धरून मला हाक मारली, मॅडम, होडी आजच पायजे! मी ओरडून म्हटलं, घेऊन जा! मला नम्रपणेच म्हणायचं होतं, पण एकशे चाळीस मीटरवर नम्रपणा पोचत नाही. त्याने माणसांकडे पाहिलं. माणसांनी चिखलाकडे पाहिलं. मग तो स्वतःच पँट दुमडून उतरला. तिसऱ्या पावलाला त्याची चप्पल गेली. चौथ्याला तो वळला. चप्पल शोधायला दोन माणसं आणि दहा मिनिटं लागली, आणि निघाली ती दुसऱ्याच कोणाची तरी.

तो म्हणाला, उद्या सकाळी फुलं लावायचीत हो! गिल्बर्टअंकल म्हणाले, तिथंच लाव ना, माती तर तयारच आहे. ल्युसीआंटी पदर तोंडाला लावून घरात गेल्या. शेवटी तो चिडून म्हणाला, नको मला, गोराईला बैलगाडीचं चाक मिळतंय, ते उभं करतो. आणि रिकामी हातगाडी घेऊन गेला. मग गिल्बर्टअंकल पाण्याच्या, म्हणजे चिखलाच्या, काठाशी आले आणि ओरडले, काय गो, हिशोब चुकला काय तुझा? मी म्हटलं, तिथी चुकली. ते म्हणाले, कोणाची? मी म्हटलं, आईची. ते बराच वेळ हसत उभे राहिले. मग म्हणाले, आता तुझीच ती, पाणी आलं की आण, जेवण ठेवतो.

तेव्हा मावशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी पेटीसाठी तुझा तक्ता मनात केला. शरद, वासे, आंबे, गुडघा. लाल वाट काढता येईल, तारीखही निघेल, आणि ती चूक नसेल. पण तक्त्यात एक दोष आहे, तो मला आज दुपारी खेकड्यांकडे बघताना सापडला. त्यात सुरुवातीची चौकट सगळ्यात शेवटी असते. माझ्याकडून एवढंच. थोरल्या माणसाला याहून जास्त सांगणं बरं दिसणार नाही.

कपिलेला आणि गुडघ्याला जपावं. शरदला आशीर्वाद नको, तो माझ्याहून मोठा आहे, आठवण सांगावी. चिखलातून, पण सुखरूप,

तुझी
नलिनी

ता. क. वर मी लिहिलं आहे, की मला कोणाकडून काही नको. ते १२ वाजून १० मिनिटांचं होतं. आता पावणेसहा झाले आहेत. तुझ्या माळ्यावर, जुन्या पाळण्याच्या मागे, काकांची दोन वल्ही आहेत. मे महिन्यात मी दरवर्षी बघते. साडेसात फूट, सागाची, दोन्ही सारखी. ती एस.टी.च्या टपावर बांधून पाठवशील का? शरद म्हणेल, आत्ता कशाला, पावसाळा झाला की बघू. त्याला म्हणावं, चौकट भरली आहे.

ता. क. २. सहा बावन्न. सूर्य गेला, उजेड अजून आहे. खेकडे बिळांत गेले. इतका वेळ तिरकी असलेली होडी आत्ता सरळ झाली. कोणी पाठीखाली हात घालून उठवावं तशी. तीन मिनिटं लवकर.

ता. क. ३. (रविवार सकाळ, घर. पाकीट चिकटवायच्या आधी.) आईने आणायला सांगितलेला बेल माझ्या पिशवीत होता आणि मी घरी रात्री पोचले, त्यामुळे आईने प्रदोषाची पूजा शेजारच्या जानकीकाकूंकडून बेल आणून केली. याबद्दल ती तुला तीन पत्रं तरी लिहील. त्यातल्या एकात असंही येईल, की शुक्रवारी संध्याकाळी तिचा चष्मा सापडत नव्हता, म्हणून तिने मला कॅलेंडर वाचून दाखवायला सांगितलं, आणि मी मोठ्याने वाचलं: द्वादशी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांपर्यंत. ते खरं आहे. तेव्हा तुला माझी खरी विनंती अशी, की तिचं पत्र आणि हे पत्र एका फळीवर ठेवू नकोस, आणि सामानाची यादी पुन्हा वाचू नकोस. होडी चार वाजता किनाऱ्याला असती, तर मी तिला नीट निरोप दिला असता, फुलं कुठली लावणार तेही विचारलं असतं, आणि घरी येऊन तक्त्यात एक चौकट वाढवली असती. मी मला ओळखते. म्हणून मला अशा ठिकाणी बसवलं, जिथून सात तास पंचवीस मिनिटं उठता येत नाही. गणित चुकलं नव्हतं. फक्त ते दहा बावन्नचं मी धरलं नव्हतं.

पेटीच्या आसपास थोडा चिखल होईल का, बघ.